आत्याने कानात सांगितलेलं नाव बाळापर्यंत पोचलं का?

बारशाला आत्या बाळाच्या कानाशी तोंड नेऊन ‘कुर्रर्र’ करते आणि नाव सांगते. पाळणा हलतो, घुगऱ्या वाटल्या जातात, फोटो निघतात. बाळ बहुधा झोपलेलं असतं. बारा दिवसांच्या त्या कानात नाव खरंच शिरलं का, असा विचार त्या गडबडीत कुणी करत नाही. पण हजार बाळांमागे निदान एक-दोन बाळं अशी असतात, ज्यांना त्यातलं काहीच ऐकू आलेलं नसतं.

मी लहान मुलांची श्रवणतपासणी करते. माझ्याकडे येणारी बरीच मुलं दोन, अडीच, कधी चार वर्षांची झालेली असतात. आई सांगते, ‘मला शंका होती हो, पण सगळे म्हणाले मुलगे उशिराच बोलतात. याचे बाबासुद्धा तीन वर्षांचे होईपर्यंत बोलत नव्हते.’ आणि पाठोपाठ येतं ते ठरलेलं वाक्य: ‘घरी थाळी वाजवून बघितली ना! तेव्हा वळून बघतो तो.’

या थाळीने महाराष्ट्रातल्या किती मुलांची वर्षं घालवली असतील, कोण जाणे. थाळी वाजली की नुसता आवाज होत नाही. हवा हलते, फरशी थरथरते, वाजवणाऱ्याची सावली पडते, समोर बसलेल्या आजीची नजर त्या बाजूला जाते. ज्या मुलाला ऐकू येत नाही ते नजरेने फार सावध झालेलं असतं, त्याला एवढं पुरतं. शिवाय ऐकू न येणं म्हणजे दर वेळी काहीच ऐकू न येणं नव्हे. एखाद्या मुलाला थाळीचा दणका ऐकू येतो, कुकरची शिट्टी येते, पण ‘सशाला साखर दे’ या वाक्यातले स आणि श त्याच्यासाठी अस्तित्वातच नसतात. बोलण्यातले हे आवाज फार हलके आणि फार उंच पट्टीतले असतात.

आणखी एका गोष्टीने घरची माणसं फसतात. बहिरं बाळसुद्धा पहिले काही महिने हुंकार देतं, खिदळतं, आवाज काढतं. फरक दिसायला लागतो तो पुढे. ऐकणारं बाळ दहाव्या-अकराव्या महिन्यापर्यंत ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी अक्षरं जोडायला लागतं. ज्याला ऐकू येत नाही, त्याची गाडी त्या वळणावर अडते.

कानही आवाज काढतो

नवजात बाळाला ‘ऐकू आलं का?’ असं विचारता येत नाही. मग तपासायचं कसं? लंडनमधले भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये एक विलक्षण गोष्ट दाखवून दिली: कान आवाज नुसता आत घेत नाही, अगदी बारीक आवाज तो बाहेरही सोडतो. कानात हलकीशी टिकटिक सोडली, तर निरोगी कानातून काही सहस्रांश सेकंदांनी तिचा प्रतिसाद येतो. तो टिपायला बाळ जागं लागत नाही, उलट झोपलेलं असेल तर उत्तम. बाळाच्या कानात छोटंसं मऊ बूच ठेवायचं आणि काही मिनिटं थांबायचं. हीच ती ओएई चाचणी. सुई नाही, भूल नाही, वेदना नाही.

ओएईने कानाच्या आतल्या पेशी काम करतायत का, एवढंच कळतं. तिथून पुढे नसेतून मेंदूपर्यंत संदेश जातो का, ते बघायला बेरा चाचणी लागते. तिच्यात डोक्यावर चिकटवलेल्या छोट्या पट्ट्यांमधून नसेची आणि मेंदूच्या बुंध्याची विद्युत-हालचाल नोंदवतात. जन्मानंतर कावीळ खूप वाढली होती, बाळ काचेच्या पेटीत होतं, वजन फार कमी होतं, अशा बाळांची नुसती ओएई करून थांबू नये. त्यांच्यात पेशी ठीक आणि नसेचं काम विस्कटलेलं, असं होऊ शकतं. असं बाळ ओएईत पास होतं आणि तरीही त्याला नीट ऐकू येत नाही.

आता या पेशी कुठल्या? शाळेतल्या आकृतीत आपण पाहिलेलं असतं: पडदा, त्यामागे हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन इवलीशी हाडं, आणि त्यांच्या पलीकडे गोगलगायीच्या शंखासारखा अडीच वेढ्यांचा अवयव, कॉक्लिया. त्यात द्रव भरलेला असतो आणि आतल्या पडद्यावर केसपेशींच्या रांगा असतात, एका कानात सुमारे १५,०००. आवाजाची लाट आली की त्यांच्या टोकावरची लव वाकते, आणि हलण्याचं रूपांतर विजेत होतं. शंखाच्या तोंडाशी असलेल्या पेशी उंच पट्टीच्या आवाजांना जाग्या होतात, आतल्या टोकाच्या पेशी खर्जाला. म्हणजे कोणता सूर आहे हे मेंदूला कळतं ते संदेश शंखातल्या कोणत्या जागेवरून आला त्यावरून. ही जागेची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे सगळं तिच्यावर उभं आहे.

माणसाच्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. पक्ष्यांच्या उगवतात. कोंबडीच्या पिलांमध्ये हे १९८०च्या दशकात दिसलं, आणि तेव्हापासून संशोधक विचारत आले आहेत की मग आपल्या का उगवत नाहीत. त्या वाटेवर बरंच काम झालं, अपयशही आलं. एका अमेरिकी कंपनीचं कानात टोचायचं औषध सुरुवातीला आशा दाखवत होतं, पण मोठ्या चाचणीत ते आणि खोटं औषध यांच्यात फरक दिसला नाही. २०२३ मध्ये ते काम थांबलं. ‘केसपेशी पुन्हा उगवणारं औषध’ अशी जाहिरात व्हॉट्सअ‍ॅपवर आली, तर हे आठवावं.

काही केसपेशी शिल्लक असतील, तर आवाज मोठा करून त्यांच्यापर्यंत नेता येतो. आपण जिला ‘कानाची मशीन’ म्हणतो ती हे काम करते. पण पेशी जवळजवळ नसतीलच, तर कितीही मोठा आवाज केला तरी तो वीज होत नाही. तिथे कॉक्लियर इम्प्लांटचा विचार सुरू होतो. ते आवाज मोठा करत नाही. ते मेलेल्या पेशींना वळसा घालून थेट नसेला वीज देतं.

गवताची काडी

कानाला वीज दिली तर काय होईल, हे करून पाहणारा पहिला माणूस विजेच्या घटाचा निर्माता व्होल्टा. १८०० च्या सुमारास त्याने दोन धातूच्या काड्या स्वतःच्या कानांत घातल्या आणि त्या घटाला जोडल्या. डोक्यात धक्का बसला आणि काहीतरी दाट पदार्थ रटरटत असल्यासारखा आवाज आला. हा प्रयोग त्याने पुन्हा केला नाही.

मग १९५७ साल उजाडलं. पॅरिसमध्ये आंद्रे जुर्नो आणि शार्ल एरियेस यांनी एका बहिऱ्या माणसाच्या नसेजवळ तार बसवली. त्याला लय कळू लागली, मोजके शब्दही ओळखता आले, पण यंत्र टिकलं नाही. लॉस एंजेलिसमध्ये विल्यम हाऊस यांनी १९६१ पासून एकाच तारेचं इम्प्लांट बसवायला सुरुवात केली. त्या काळातल्या अनेक नामांकित शास्त्रज्ञांचा याला कडाडून विरोध होता. जिथे हजारो पेशी काम करतात तिथे एक तार काय करणार, असं ते विचारत. त्यांचा आक्षेप चुकीचा नव्हता, आणि म्हणूनच पुढे जे झालं ते मला महत्त्वाचं वाटतं. अमेरिकी सरकारी संशोधन संस्थेने बाहेरच्या लोकांकडून तपासणी करवली. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या रॉबर्ट बिल्गर यांच्या चमूने इम्प्लांट असलेल्या १३ जणांना तपासलं आणि १९७७ मध्ये अहवाल दिला. नुसत्या आवाजावरून या लोकांना बोलणं समजत नाही, पण ओठ वाचायला मदत होते आणि स्वतःच्या आवाजावर ताबा येतो, असं त्यात होतं. ना चमत्कार, ना फसवणूक. या प्रामाणिक निकालाने पुढच्या संशोधनाचं दार उघडं राहिलं.

ऑस्ट्रेलियात मेलबर्नला ग्रॅम क्लार्क याच प्रश्नाला भिडले होते. त्यांचे वडील औषधांचं दुकान चालवायचे आणि त्यांना ऐकू कमी यायचं. वेगवेगळ्या सुरांसाठी वेगवेगळ्या जागी तारा पोचवायच्या हे क्लार्क यांना ठाऊक होतं. अडचण होती ती शंखात खोलवर तार सरकवण्याची, कारण वळणावर ती अडकायची. १९७७ मध्ये सुट्टीत समुद्रकिनाऱ्यावर त्यांनी एक शंख उचलला आणि त्यात गवताची पाती सरकवून पाहिली. टोकाला लवचीक आणि बुडाशी ताठ असलेली पाती वळणं घेत आत गेली. १ ऑगस्ट १९७८ रोजी त्यांनी आपलं पहिलं बहुतारी इम्प्लांट बसवलं. व्हिएन्नात इंगेबोर्ग आणि एर्विन होखमाइर हे दांपत्य त्यांच्या काही महिने आधी, डिसेंबर १९७७ मध्ये, तिथवर पोचलं होतं.

पण १५,००० पेशींची जागा तारेवरचे, वीज सोडणारे २२ बिंदू कसे घेणार? (कंपनीनुसार हे बिंदू १२, १६ किंवा २२ असतात.) हे समजावताना मी आईवडिलांना ठिपक्यांची रांगोळी आठवायला सांगते. मोर अख्खा भरलेला नसला, नुसते काही ठिपके आणि चार वळणं दिसली, तरी आपल्याला मोर दिसतो. उरलेल्या रेषा डोळ्यामागचा मेंदू ओढतो. बोलण्याचंही तसंच आहे. १९९५ मध्ये रॉबर्ट शॅनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साध्या ऐकणाऱ्या लोकांना असं बोलणं ऐकवलं, ज्यातले सगळे सूर काढून टाकून फक्त चार पट्ट्यांचा खरखरीत आवाज ठेवला होता. चार! थोड्या सरावानंतर लोकांना त्यातली वाक्यं जवळजवळ पूर्ण कळली.

दुसरी अडचण होती ती ठिपके एकमेकांत मिसळण्याची. शंखातला द्रव खारट, म्हणजे वीज वाहून नेणारा. सगळे बिंदू एकदम पेटवले की ओल्या अंगणातल्या रांगोळीसारखं सगळं पसरतं. नॉर्थ कॅरोलायनात ब्लेक विल्सन यांनी त्यावर उपाय काढला: बिंदू एकदम पेटवायचेच नाहीत, एकामागून एक, अतिशय वेगाने पेटवायचे. १९९१ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध झाली आणि त्याच यंत्रातून लोकांना किती तरी जास्त शब्द समजू लागले. क्लार्क, इंगेबोर्ग होखमाइर आणि विल्सन या तिघांना २०१३ मध्ये वैद्यकीय संशोधनासाठीचा लास्कर पुरस्कार मिळाला. आज जगात दहा लाखांहून अधिक इम्प्लांट बसवली गेली आहेत. आपल्याकडे हे काम रुजवणाऱ्यांमध्ये मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने यांचं नाव आदराने घेतलं जातं.

रांगोळीचीच उपमा पुढे नेली, तर इम्प्लांटची मर्यादाही कळते. एकाच ठिपक्यांवर दोन रांगोळ्या काढल्या तर कुठलीच धड दिसत नाही. म्हणून इम्प्लांट असलेल्या मुलाला शांत खोलीत आई कळते, पण लग्नाच्या हॉलमध्ये, गणपतीच्या मिरवणुकीत किंवा पंखे घरघरणाऱ्या वर्गात त्याची दमछाक होते. गाण्याची लय कळते, सुरावट मात्र धूसर राहते.

मेंदूला घाई असते

ठिपके शल्यविशारद देतो, रेषा मात्र मेंदूला ओढाव्या लागतात. पन्नाशीत कान गेलेल्या माणसाच्या मेंदूला मोर कसा दिसतो ते आधीपासून माहीत असतं. जन्मतः बहिऱ्या मुलाने मोर कधी पाहिलेलाच नसतो. त्याला ठिपक्यांवरूनच सगळं शिकायचं असतं, आणि हे शिकण्याची क्षमता आयुष्यभर सारखी राहत नाही.

अमेरिकेत अनु शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे फार नेमकेपणाने मोजलं. जन्मतः बहिऱ्या १०४ मुलांमध्ये त्यांनी इम्प्लांटनंतर आवाजाला मेंदूच्या श्रवणकेंद्राकडून प्रतिसाद यायला किती वेळ लागतो ते नोंदवलं. साधारण साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट झालेल्या मुलांचा प्रतिसाद थोड्याच महिन्यांत त्यांच्या वयाच्या ऐकणाऱ्या मुलांइतका चपळ झाला. सात वर्षांनंतर इम्प्लांट झालेल्यांपैकी बहुतेकांचा झाला नाही. मधल्या वयात काहींचा झाला, काहींचा नाही. २००२ चं हे संशोधन. रिकामं पडलेलं श्रवणकेंद्र मेंदू तसंच ठेवत नाही. नजर, स्पर्श अशी दुसरी कामं तिथे मुक्कामाला येतात.

यंत्र नंतरची गोष्ट, आधी निदान. कोलोरॅडोमध्ये क्रिस्टीन योशिनागा-इटानो यांनी १५० मुलांची तुलना केली. ज्यांचा बहिरेपणा सहा महिन्यांच्या आत कळला होता त्यांची भाषा, नंतर कळलेल्यांपेक्षा स्पष्टपणे पुढे होती. १९९८ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि जगभर जन्मल्या जन्मल्या तपासणी करण्याच्या मोहिमेला बळ मिळालं.

इथे एक प्रामाणिक शंका घ्यायला हवी, आणि काही वाचक ती घेतीलही. लवकर इम्प्लांट होणारी मुलं बहुधा शिकलेल्या, पैसे असलेल्या घरातली असतात. मग फरक वयाचा की घराचा? औषधांच्या चाचणीत नाणं उडवून कुणाला औषध आणि कुणाला नाही हे ठरवता येतं. इथे ते करता येत नाही. ‘तुमच्या मुलाला मुद्दाम चार वर्षं थांबवतो’ असं कुठल्या आईला सांगणार? म्हणून संशोधकांना मुलांच्या मागे वर्षानुवर्षं चालावं लागतं आणि हिशोबात घराचा वाटा वेगळा काढावा लागतो. जॉन निपार्को यांच्या चमूने अमेरिकेतल्या सहा केंद्रांवर पाच वर्षांच्या आत इम्प्लांट झालेल्या १८८ मुलांची अशी नोंद ठेवली, सोबत ९७ ऐकणारी मुलं तुलनेला. २०१० मध्ये निकाल आले. दीड वर्षाच्या आत इम्प्लांट झालेल्यांची भाषा सर्वांत वेगाने वाढली. घरच्या परिस्थितीचाही परिणाम दिसला, तो त्यांनी लपवला नाही. आणि आणखी एक गोष्ट दिसली, जी मी प्रत्येक आईला सांगते: आईबाप मुलाशी कसे बोलतात, खेळतात, त्याच्या इशाऱ्याला कसा प्रतिसाद देतात, याचा भाषेशी ठळक संबंध होता.

एका परिस्थितीत तर महिनेही नाहीत, आठवडे हातात असतात. मेंदूज्वरानंतर कान गेला, तर शंखाच्या पोकळीत हाड भरायला लागू शकतं, आणि एकदा ते भरलं की तार सरकवायला जागाच उरत नाही. मेंदूज्वरातून वाचलेल्या मुलाची श्रवणतपासणी दवाखान्यातून घरी जाण्याआधीच व्हायला हवी. ‘अशक्तपणामुळे लक्ष देत नाही’ म्हणून थांबू नये.

ऑपरेशन हा सोपा भाग

शस्त्रक्रिया साधारण दोनेक तासांची. कानामागच्या हाडात जागा करून आतला भाग बसवतात, त्याची तार शंखात जाते. त्याआधी सीटी आणि एमआरआय करून शंख आणि नस आहे ना हे बघतात, कारण नसच नसेल तर वीज देऊन उपयोग नाही. मेंदूज्वराच्या लशीही आधी पूर्ण करून घेतात. बाहेरचा भाग, म्हणजे कानामागचा प्रोसेसर आणि चुंबकाने डोक्याला चिकटणारी चकती, दोन ते चार आठवड्यांनी सुरू होतो.

त्या पहिल्या दिवसाचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. आईचा आवाज ऐकून बाळ हसतं, सगळे रडतात. ते खरे असतात, पण त्यांनी एक चुकीची समजूत पसरवली आहे. बरीच मुलं त्या दिवशी घाबरून रडतात, काही नुसती थबकतात, काही काहीच करत नाहीत. त्यांच्यासाठी तो आवाज म्हणजे अर्थ नसलेली नवी संवेदना असते. आईवडील निराश होतात. व्हायचं कारण नाही. त्या दिवशी मूल श्रवणाच्या हिशोबाने जन्माला आलेलं असतं. अडीच वर्षांचं असलं तरी त्याचं ‘ऐकण्याचं वय’ शून्य दिवस. ऐकणारं बाळ पहिला शब्द बोलायला वर्षभर नुसतं ऐकतं, तेवढा अवधी यालाही द्यायला हवा.

मग सुरू होतं ते मॅपिंग, म्हणजे प्रत्येक बिंदूला किती वीज द्यायची ते जुळवणं, पुन्हा पुन्हा. आणि थेरपी. आठवड्यात एकदा थेरपिस्टकडे जाऊन भागत नाही. भाकरी थापताना ‘थप थप थप, ऐक, भाकरी!’, नळ सोडताना ‘पाणी आलं, सर्रर्र’, दारावर टकटक झाली की कानाकडे बोट दाखवून ‘ऐकलंस? कोण आलं?’ अशी ती दिवसभर चालते. हे सगळं घरच्या भाषेत. घरात मराठी, अहिराणी किंवा कोकणी असेल तर तीच. आईच्या तोंडी जी भाषा सहज येते, तिच्यातच एवढं बोलणं होऊ शकतं. शाळा इंग्रजी माध्यमाची म्हणून आईला तोडक्या इंग्रजीत बोलायला लावणं मला पटत नाही.

खर्चाबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. इम्प्लांट काही लाखांचं असतं. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून २०१४ पासून लहान मुलांना ते मिळतं, आणि त्या कामाची मुख्य संस्था आपल्याच मुंबईत, वांद्रे रेक्लमेशनला आहे: अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये पालघरमधूनच झाली. त्याची पथकं अंगणवाड्यांमध्ये आणि शाळांमध्ये मुलं तपासतात आणि जिल्हा रुग्णालयाकडे पाठवतात. योजनांना वयाची अट असते, म्हणजे तिथेही घड्याळ चालूच असतं. पण यंत्र मिळालं की खर्च संपला असं समजू नये. वायर तुटते, बॅटरी संपते, चकती खराब होते. आपल्या पावसाळ्यात घामाने आणि दमटपणाने प्रोसेसर बिघडतो, म्हणून रोज रात्री तो ओल शोषणाऱ्या पुड्यांच्या डब्यात ठेवायचा. एका वायरसाठी महिनोन् महिने प्रोसेसर डब्यात पडून राहिलेली मुलं मी पाहिली आहेत. इम्प्लांट देण्याइतकीच देखभालीलाही तरतूद हवी, असं माझं ठाम मत आहे.

आणि दोष. मूल बहिरं निघालं की बोट आईकडे जातं. ग्रहणात भाजी चिरली, पोटुशी असताना वाद घातला, हिच्या माहेरचं रक्त. जन्मजात बहिरेपणाचं मोठं कारण जनुकीय आहे, आणि त्यातला बहुतांश प्रकार असा, की दोष असलेली एकेक प्रत आई आणि बाप दोघांकडून आल्याशिवाय बहिरेपणा येतच नाही. दोघांना स्वतःला उत्तम ऐकू येत असतं. मामाच्या मुलीशी लग्न करण्याच्या आपल्या पद्धतीत तोच दोष दोन्हीकडे असण्याची शक्यता वाढते. उरलेल्या कारणांमध्ये गरोदरपणातला रुबेला आहे, ज्याची लस महाराष्ट्रात २०१८ च्या गोवर-रुबेला मोहिमेत मोठ्या प्रमाणावर दिली गेली, आणि सीएमव्ही नावाचा विषाणू आहे.

सगळ्या मुलांना इम्प्लांट होत नाही, आणि झालेल्या सगळ्यांचं बोलणं सारखं येत नाही. उशिरा आलेल्या मुलाला ‘आता काही होणार नाही’ म्हणून घरी पाठवणं हा अन्याय आहे. मेंदूला लवकर हवी असते ती भाषा, आणि भारतीय सांकेतिक भाषा ही पूर्ण भाषा आहे. हातांनी बोलल्याने मूल तोंडाने बोलायचं विसरतं, ही भीती मी अनेकांच्या डोळ्यांत पाहते. वर्षभर कुठलीच भाषा न मिळण्यापेक्षा हातांची भाषा मिळणं केव्हाही चांगलं.

शांघायमधली सहा मुलं

ओएईत पास होऊनही न ऐकणाऱ्या बाळांचा उल्लेख वर आला. त्यांच्यातल्या काहींमध्ये ओटोफर्लिन नावाचं एकच प्रथिन नसतं. पेशी शाबूत, नस शाबूत, फक्त पेशीकडून नसेला निरोप देणारा हा मधला दुवा नाही. जनुकीय उपचारांसाठी हे फार सोयीचं, कारण बाकी सगळं जागेवर आहे. अडचण एकच होती. जनुक पेशीत पोचवणाऱ्या निरुपद्रवी विषाणूच्या टोपलीत हे जनुक मावत नाही. म्हणून संशोधकांनी त्याचे दोन तुकडे केले, दोन वेगळ्या विषाणूंमध्ये भरले आणि पेशीत गेल्यावर ते जुळतील अशी रचना केली.

शांघायच्या फुदान विद्यापीठातल्या चमूने सहा मुलांच्या एकेका कानात हा उपचार केला. जानेवारी २०२४ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले. सहापैकी पाच मुलांना ऐकू येऊ लागलं. माझ्या क्षेत्रात काम करणाऱ्या कुणालाही ही बातमी वाचून गलबलून आलं असेल. पण पालकांनी ती वाचून थांबून राहू नये. जनुकीय बहिरेपणाची कारणं शंभराहून अधिक जनुकांमध्ये विखुरलेली आहेत, आणि ओटोफर्लिनचा वाटा त्यात लहान आहे. बाकीच्यांसाठी असा उपचार येईलही, पण तोवर आजच्या बाळाचा मेंदू वाट पाहणार नाही.

मोठ्यांसाठी एक वेगळी सूचना, कारण हा लेख आजी-आजोबाही वाचतील. एका कानाने अचानक, एक-दोन दिवसांत ऐकू येईनासं झालं, तर मळ साठला असेल म्हणून कोमट तेल घालत बसू नका. ती नसेची तातडीची तक्रार असू शकते, आणि स्टेरॉइडचा उपचार जितका लवकर सुरू होईल तितकी आशा जास्त. आठवड्याने नव्हे, त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जा.

आणि बाळासाठी जगभर वापरलं जाणारं वेळापत्रक लक्षात ठेवायला सोपं आहे: एक, तीन, सहा. पहिल्या महिन्याच्या आत ओएई. त्यात पास झालं नाही तर घाबरायचं नाही, कारण कानात ओलावा असला तरी असं होतं. पण तिसऱ्या महिन्याच्या आत बेरा करून नक्की करायचं. आणि सहाव्या महिन्याच्या आत कानाची मशीन आणि थेरपी सुरू. मशीनने पुरेसं भागत नाही असं दिसलं की इम्प्लांटची तयारी पहिल्या वाढदिवसाच्या आसपास. प्रसूतीनंतर घरी सोडतानाच्या कागदात ‘श्रवणतपासणी’ असा शब्द आहे का ते बघा, नसेल तर मागा. जन्मावेळी पास झालेल्या मुलाचंही ऐकणं नंतर कमी होऊ शकतं, विशेषतः सीएमव्ही, मेंदूज्वर किंवा काही जनुकीय कारणांमुळे. दीड वर्षाचं मूल हाकेला वळत नसेल, आधी म्हणायचं ते शब्द म्हणेनासं झालं असेल, तर कागदावर काहीही लिहिलेलं असो, पुन्हा बेरा करून घ्या.